ऐच्छिक प्रश्न

तीन दिवस समोरासमोर, बाकीचं मोबाईलवर,
पत्रात एवढंच होतं.
जिंतूरच्या गटसाधन केंद्रात
पंख्याखालची जागा धरायला लवकर गेलो आम्ही.
कापसे सरांनी फळ्यावर लिहिलं, सकारात्मक शिस्त,
आणि मागून कोणीतरी हळूच म्हणालं,
म्हंजे आता पोरं आपल्याला मारणार.
हसले सगळे. मीही.
चहात बिस्कीट बुडालं,
तेवढंच त्या दिवशीचं दुःख.

बाकीचं मोबाईलवर.
आमच्या गावात रेंज दोनच ठिकाणी,
टाकीच्या शिडीवर सातव्या पायरीला
आणि रोडला, मुंजाजीच्या पंक्चरच्या दुकानात.
मी बावन्न वर्षांची. गुडघ्यांनी शिडी नको म्हटलं.

मुंजाजीनं जुन्या टायरवर पोतं टाकून दिलं,
आणि ट्यूब घमेल्यात दाबून
बुडबुडे शोधत बसला.
व्हिडिओ चौथा : राग आला की दहा आकडे मोजा.
व्हिडिओतल्या बाईंच्या वर्गात बारा मुलं, इस्त्रीचे गणवेश.
माझ्याकडे दोन वर्ग मिळून त्रेचाळीस.
मधेच चाक गरगरत राहिलं पडद्यावर,
आवाज तेवढा अडखळत आला,
मुलाला मारल्यानं...
मुलाला मारल्यानं...
उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्यांचा.

मुंजाजी चौथीला होता माझ्याकडे.
सतराचा पाढा. सतरा चोक अडुसष्ट इथवर यायचा
आणि पुढं नुसता बघत राहायचा माझ्याकडे.
लाकडी पट्टी, उभी धरून, पेरांवर.
मला वाटायचं, मी शिकवतेय.
त्याचं उजव्या हाताचं मधलं बोट
अजून पुरतं मिटत नाही.
पट्टीनं, की पुढं कधी जॅकखाली सापडून,
मी विचारलं नाही.
तेच बोट पाण्यात छिद्र चाचपत होतं.

"बाई," वर न बघता म्हणाला,
"हे आत्ता आलं का?"
काय रे?
"हेच. नाई मारायचं.
का पहिल्यापसून होतं?"

मी म्हटलं, रेंज गेली.
तो म्हणाला, अलीकडं सरका, इथं येती.

मंगळवारी सुमेधनं हजेरीवर खिचडी सांडली,
वर हसला.
माझा हात ड्रॉवरपर्यंत गेला;
पट्टी आहे अजून, रेघा मारायला.
एक, दोन, तीन,
मनात मोजायचं होतं, तोंडातून निघालं,
आणि पोरांना वाटलं अभ्यासच सुरू झाला.
धरला सूर त्रेचाळीस जणांनी,
दहा गेले, तीस गेले, थांबेनात,
सुमेध सगळ्यांच्या वरताण, हात खिचडीचेच.
राग कितव्या आकड्याला उतरला
मला कळलं नाही.

पण शुक्रवारी अलमासचा कान पिरगळला मी.
तेही इथं लिहून ठेवते.

परीक्षेत वीसपैकी अठरा.
प्रमाणपत्र आलं, त्यात माझं आडनाव चुकलेलं.
शेवटच्या प्रश्नाला पर्याय नव्हते :
तुम्ही शिक्षा केलेल्या एखाद्या मुलाला
आज काय सांगाल? पाचशे अक्षरांत.
कंसात : ऐच्छिक.
सोडला असता तरी चाललं असतं.
पोत्यावर बसून टाईप केलं,
पुसलं,
परत केलं.
सतरा पाचे, एवढंच राहिलं चौकटीत,
आणि चाक फिरतंय, फिरतंय.

"बाई, मागच्या चाकात हवा कमी होती, भरली."
मी वीसची नोट काढली.
तो हात पुसत होता पोत्याला,
एकेक बोट, सावकाश.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाला,
"बाईकडून कोण घेतं."